वयाचा मूड की डिप्रेशन? दार तर दोन्हीत आपटतं

दहावीतलं पोरगं धाडकन दार लावून आत बसलं की घरात दोनच निकाल लागतात, "वय आहे, होईल सरळ" नाहीतर "मोबाईलने वाट लावली". माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही चार महिने हेच घोळवत बसलो. तो रडत नव्हता ना, नुसता खेकसायचा, आणि आमच्या डोक्यात डिप्रेशन म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारं माणूस. नंतर डॉक्टरांकडून कळलं की टीनएजर्समध्ये उदासीऐवजी चिडचिड दिसली तरी ती मुख्य लक्षण म्हणून धरतात.

मग फरक कुठे? वयाचा मूड माणूस आणि जागा बघून बदलतो. आईवर ओरडेल, पण खालून मित्राने हाक मारली की चप्पल अडकवून पसार, आणि तिकडे खिदळत असेल. डिप्रेशनला बहुतेकदा घर, शाळा, क्लास सगळं सारखंच, आणि जे जीव की प्राण होतं तेच नकोसं होतं. भाच्याने क्रिकेटची किटबॅग माळ्यावर टाकली तेव्हा आम्ही खूश, म्हटलं चला, अभ्यासाला लागला एकदाचा! अजून आठवलं की कसंतरी होतं.

झोपेवरून मात्र लगेच काही ठरवू नका, या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे रविवारी अकराला उठणं हा आजार नाही. पण पहाटे जाग येऊन परत डोळाच न लागणं, भरपूर झोपूनही गळून गेल्यासारखं वाटणं, जेवण तुटणं, "मी कशालाच लायक नाही" असं सारखं तोंडात येणं, हे बहुतेक रोज, दिवसातला बराच वेळ, दोन आठवडे चाललं तर वाट बघू नका.

तपासताना ९ प्रश्नांचा एक फॉर्म असतो, पीएचक्यू-९, मार्क ० ते २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासायचं एवढाच त्याचा अर्थ, निदान नाही, त्यामुळे रात्री मोबाईलवर भरून घाबरू नका. डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतात, थायरॉइड-हिमोग्लोबिन बघतात, आणि घरात कुणाला बायपोलर (कधी खोल उदासी, कधी अति उत्साह असा आजार) आहे का हे आवर्जून विचारतात कारण मग औषधाचं गणितच बदलतं.

मूडला थोडी मोकळीक पुरते. डिप्रेशन सौम्य असेल तर बऱ्याचदा आधी थेरपी (तज्ज्ञाशी बोलून होणारा उपचार), जास्त असेल तर सोबत गोळी. अमेरिकेत २००४ साली ४३९ मुलांवरचा एक अभ्यास आला होता, १२ आठवड्यांनी थेरपी आणि फ्लुओक्सेटिन (डिप्रेशनवरची गोळी) दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या गोळीवर ६१, नुसत्या थेरपीवर ४३, खोट्या (औषध नसलेल्या) गोळीवर ३५. गोळीचा गुण यायला ४-६ आठवडे लागतात, आणि सुरुवातीला काही मुलांत जीव द्यायचे विचार वाढू शकतात म्हणून तेव्हा जास्त लक्ष ठेवायचं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, आमच्याकडे नेमकं तेच झालं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

आणि मरणाची भाषा किंवा हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या तर मूड की डिप्रेशन हा वाद घालत बसू नका. सरळ विचारा (विचारल्याने डोक्यात भरत नाही), मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन, २४ तास, फुकट, मराठीतही बोलतात.