बैलजोडी ते विंच: रुतलेली गाडी बाहेर काढण्याच्या कसबाची पार्श्वभूमी

खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत बारीक अक्षरांत एक कलम असतं. अपघातात गाडी निकामी झाली, तर ती जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा वाजवी खर्च कंपनी देते, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये. दुचाकीला ३००. ही मर्यादा २००२ सालच्या मोटार टॅरिफमधून, म्हणजे मोटार विम्याच्या दर आणि नियमांच्या पुस्तिकेतून आलेली आहे. जादा हप्ता भरून ती वाढवून घेता येते, फक्त ते आपल्याला आधी ठाऊक असावं लागतं. आणि गाडीला काही इजा न होता ती नुसतीच काशिदच्या वाळूत किंवा ताम्हिणी घाटातल्या साईडपट्टीच्या चरात रुतली असेल, तर हे कलम मुळात लागूच होत नाही. रस्त्याबाहेर गेलेली गाडी काढणं म्हणजे हमालीचं काम, चार माणसं आणि एक दोर मिळाला की झालं, ही समजूत त्या आकड्यात जशीच्या तशी उतरली आहे. या कामाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

मोटारी येण्याच्या आधीही रुतणं होतंच. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना खुला झाला. घाटाच्या चढाला जादा बैल जोडायचे आणि माथ्यावर सोडायचे, ही रीत आपल्याकडे जुनी. गाडी चिखलात बसली की गाडीवान आधी माल उतरवायचा, चाकापुढचा चिखल खोऱ्याने ओढायचा, चाकाखाली दगड नाहीतर फाट्या घालायचा, पहारीने चाक उचलून धरायचा आणि मगच बैलांना हाक द्यायचा. वजन कमी करा, अडथळा काढा, आधार द्या, मग ओढा: आज विंच (वायर गुंडाळत ओढणारं यंत्र) घेऊन येणारा जाणकार माणूसही याच क्रमाने काम करतो. रायगडच्या किनाऱ्यावर वाळूत बसलेली मोटार बैलजोडीने ओढून काढलेली अजूनही पाहायला मिळते. त्यात नवल काही नाही. बैल झटका देत नाहीत, सलग ताण देतात आणि वाळूत तेच लागतं.

या कामाचा स्वतंत्र धंदा झाला तो अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात. १९१६ साली जॉन वायली नावाच्या गृहस्थांची फोर्ड मॉडेल टी चिकामॉगा ओढ्यात उलटी पडली. त्यांनी गॅरेजवाल्या अर्नेस्ट होम्सना बोलावलं. दोर, ठोकळे आणि अर्धा डझन माणसं लावून ती गाडी बाहेर यायला जवळजवळ अख्खा दिवस गेला. होम्स घरी परतले ते हे काम यंत्राने कसं होईल, याचा विचार करतच. त्यांनी १९१३ च्या कॅडिलॅकच्या चासीवर तीन खांब, एक पुली आणि साखळी बसवली. पहिल्या प्रयत्नात बोजा ओढताना त्यांची स्वतःचीच गाडी डळमळली. मग दोन सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकणारे पाय जोडले. माझ्या मते खरा शोध साखळीचा नव्हे, या पायांचा आहे. ओढणारी गाडी स्वतः घट्ट उभी नसेल, तर खड्ड्यातली गाडी वर येण्याऐवजी वरची खाली जाते. १९१९ मध्ये होम्सना पेटंट मिळालं. पुढे त्यांच्या क्रेनला दोन वेगवेगळे बूम, म्हणजे वायर पेलणारे लांब दांडे आले. एका बाजूची वायर रुतलेल्या गाडीला लावायची आणि दुसऱ्या बाजूची समोरच्या झाडाला बांधून तोल सांभाळायचा, ही युक्ती त्यातूनच रूढ झाली.

पुढची मोठी शाळा युद्धाची. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या चिखलात रणगाडे बसू लागले, तेव्हा ब्रिटिशांनी रणगाडे सोडवून आणण्यासाठी वेगळ्या तुकड्या उभ्या केल्या. १९१७ पासून रणगाड्याच्या पाठीवर एक जाड लाकडी तुळई येऊ लागली. चिखलात बसल्यावर ती रणगाडा ज्यावर चालतो त्या पोलादी पट्ट्याला साखळीने बांधायची. पट्टा फिरला की तुळई खाली जायची आणि रणगाडा तिच्यावरून स्वतःच बाहेर चढायचा. दुसऱ्या महायुद्धात होम्स कंपनीचे बूम डायमंड टी ट्रकांवर चढले आणि दोस्त सैन्यांबरोबर जगभर गेले. ब्रिटनमध्ये लष्करी गाड्या आणि यंत्रं सोडवून दुरुस्त करण्यासाठी १९४२ साली रीमी हे स्वतंत्र दल झालं. त्याच धर्तीवर १९४३ मध्ये भारतीय सैन्यात जे दल उभं राहिलं, ते आजचं ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनियर्स). त्या काळात ईशान्येकडे आसामातून बर्मामार्गे चीनकडे जाणाऱ्या लेडो रस्त्याचं काम चालू होतं आणि पावसाळ्यात तिथला चिखल ट्रक गिळत होता.

सैन्याने या कामाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हिशेब. अमेरिकी लष्कराच्या पुस्तिकेतला ठोकताळा असा: चाकं चिखलात बुडाली असतील, तर गाडीच्या वजनाइतका विरोध धरायचा. चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट, केबिनपर्यंत आला असेल तर तिप्पट. समजा, भरलेला १६ टनांचा ट्रक मडगार्डपर्यंत रुतला आहे. म्हणजे ओढायला ३२ टनांच्या ताणाची तयारी हवी. आपल्याकडे अशा वेळी हायड्रा बोलावली जाते. बांधकामावर १२-१४ टन माल उचलून इकडून तिकडे नेणारं हे यंत्र बूमने ओढायला बनवलेलंच नाही. तिरपा ताण आला की ते पुढे कलंडतं. त्याऐवजी वायर एका पुलीतून फिरवून परत आणली, तर ताण दुप्पट होतो आणि वेग निम्मा. दोन पुल्या, तीन पुल्या असं वाढवत नेलं की छोट्या विंचनेही मोठा ट्रक हलतो. त्याआधी एका माणसाने फावड्याने चाकापुढचा चिखल काढला, तर ३२ टनांचा आकडाच खाली येतो. अर्ध्या तासाचं हे खणणं लोकांना वेळ घालवणं वाटतं, पण वायर तुटण्यापासून तेच वाचवतं.

वायर तुटणं हा या कामातला सगळ्यांत मोठा धोका. ताणलेला वायररोप सुटला की चाबकासारखा मागे येतो. म्हणून जाणकार माणूस वायरीवर मधोमध ओलं पोतं किंवा सतरंजी टाकतो आणि बघ्यांना वायरीच्या लांबीपेक्षा दूर हटवतो. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवून ओढू नये, हा नियमही असाच रक्ताने लिहिलेला आहे. गोळा तुटला तर तो थेट मागच्या गाडीच्या काचेतून आत येतो.

युद्ध संपल्यावर सैन्याच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. डिस्पोजलच्या ट्रकवर बूम बसवून केलेल्या ब्रेकडाऊन व्हॅन आपल्याकडे कित्येक दशकं चालल्या. मोटारमालकांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था मुंबईत त्याच्याही आधी, १९१९ पासून होती. सभासदाची गाडी अडली तर मदत पाठवायची, हा विचार अशा संस्थांतून रुजला. ब्रिटनमधल्या एए संस्थेने १९४९ मध्ये लंडनपुरती रात्रीची मदतसेवा सुरू केली आणि जर्मनीत एडीएसी या मोटारवाल्यांच्या संस्थेची रस्ते-गस्त १९५४ पासून फिरू लागली. ही मदत मुख्यतः रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीसाठी होती. रस्त्याबाहेर गेलेल्या गाडीचं काम वेगळ्या लोकांकडेच राहिलं.

हत्यारं मात्र बदलत गेली. वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये हौशी जीपवाल्यांसाठी विजेवर चालणारा विंच आणला. नायलॉनचे ताणणारे दोर आले. ते रबरासारखे लांब होऊन ताकद साठवतात आणि हळूहळू सोडतात. वाळूत हे वरदान आहे, पण त्याच साठलेल्या ताकदीमुळे हुक निखळला तर गोळीसारखा सुटतो. अलीकडे पोलादी वायरीऐवजी कृत्रिम धाग्याचा दोर वापरतात. तो हलका असतो आणि तुटला तरी तारेइतका उसळत नाही, पण दगडावर घासला की पटकन झिजतो.

आज राष्ट्रीय महामार्गावर १०३३ फिरवला की मदत मागता येते, आणि टोल घेणाऱ्या कंपन्यांना गस्तीची गाडी, रुग्णवाहिका, क्रेन ठेवावी लागते. हे चांगलंच झालं. पण महामार्ग सोडून चार किलोमीटर आत गेलं की पुन्हा जेसीबी, ट्रॅक्टर आणि गावातली पोरं. दरीचं तर विचारूच नका. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा दोर लावून खाली उतरले ते महाबळेश्वरचे ट्रेकर. माणसं वर आणण्याचं ते कौशल्य त्यांनी हौसेतून आणि स्वतःच्या खर्चाने कमावलेलं होतं.

परदेशात या कामाला रीतसर धंद्याचा मान मिळाला आहे. अमेरिकेत या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९७९ पासून आहे. ब्रिटनमध्ये काम सुरक्षित कसं करायचं, याचं पीएएस ४३ नावाचं मानक आहे. चॅटनूगातल्या या धंद्याच्या संग्रहालयात काम करताना मरण पावलेल्या ऑपरेटरांचं स्मारक आहे. आपले क्रेनवाले भर पावसात, रात्री दोन वाजता, अंगावरून ट्रक जात असताना तेच काम करतात. त्यांना ते शिकवतो फक्त उस्ताद, आणि उस्तादाला चूक महागात पडली असेल तेवढंच.

आपल्याकडे या कामाला तसा मान आणि शिक्षण मिळेपर्यंत गाडीमालकाच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. पॉलिसीतली ओढून नेण्याची मर्यादा वाचून वाढवून घ्यावी आणि नुसत्या रुतण्याला मदत मिळते का, हे रोडसाईड असिस्टन्सच्या करारात तपासावं. किनाऱ्यावर गाडी रुतली तर एक्सिलरेटर दाबून खड्डा खोल करू नये. टायरमधली हवा कमी करावी आणि भरतीची वेळ लगेच विचारून घ्यावी. क्रेनवाला आला की त्याने हुक कुठे लावला ते पाहावं: चासीला किंवा कंपनीने दिलेल्या टो-हुकला लावलेला चालतो, बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांडीला नाही. त्याने आधी फावडं मागितलं, तर माणूस जाणकार आहे असं समजावं आणि भावात फार घासाघीस करू नये.