हवाई वाहतूक माहिती

उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला आसपासच्या विमानांविषयी जमिनीवरील नियंत्रण केंद्रांकडून दिली जाणारी माहिती. ही माहिती म्हणजे आज्ञा नव्हे. दोन विमानांत ठरावीक अंतर राखण्याची जबाबदारी नियंत्रकाकडे असते तेव्हा तो उंची, दिशा किंवा वेग बदलायला सांगतो. तो केवळ माहिती देतो तेव्हा दुसरे विमान नजरेने हुडकून त्याला टाळणे हे वैमानिकाचेच काम राहते.

पुण्याचा लोहगाव विमानतळ हा भारतीय हवाई दलाचा तळ असून येथील वाहतूक नियंत्रणही हवाई दलच करते. प्रवासी विमाने आणि सुखोई-३० सारखी लढाऊ विमाने एकच धावपट्टी वापरतात आणि त्यांच्या वेगांत मोठा फरक असल्याने येथे वेळेवर मिळालेल्या माहितीचे मोल अधिक आहे.

माहिती सांगण्याची पद्धत घड्याळाच्या तबकडीवर आधारलेली आहे. विमानाचे नाक बारावर धरून ‘दहा वाजता, पाच मैल, डावीकडून उजवीकडे’ असे सांगितले जाते, आणि त्यापुढे उंची व विमानाचा प्रकार येतो. विमान दिसले की नाही, हे वैमानिक कळवतो. यात एक बारकावा आहे, आणि तो नवशिक्यांच्या सहज लक्षात येत नाही: रडारच्या पडद्यावर विमानाचा प्रत्यक्ष मार्ग दिसतो, नाकाची दिशा नव्हे, त्यामुळे आडवा वारा असताना सांगितलेल्या जागेपासून नजर थोडी बाजूला न्यावी लागते.

प्राथमिक रडार परावर्तित लहरींवरून केवळ दिशा व अंतर दाखवते. दुय्यम रडार विमानातील ट्रान्सपाँडरला, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ उपकरणाला, विचारणा करून त्याचा चार अंकी संकेत आणि उंची मिळवते. एडीएस-बी प्रणालीत विमान उपग्रहांवरून ठरवलेले आपले स्थान १०९० मेगाहर्ट्‌झवर स्वतःच प्रक्षेपित करते. ही सोय नसलेल्या विमानांची रडारवरील स्थिती अमेरिकेत जमिनीवरून प्रक्षेपित केली जाते व ती थेट वैमानिकासमोरील पडद्यावर उमटते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. समोरून येणाऱ्या विमानाची सूचना दिल्लीच्या नियंत्रकाने अंतरासह दिली होती. मात्र कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले आणि तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नसल्याने ते नियंत्रकाला कळले नाही. यानंतर भारतात दिल्लीसह मोठ्या विमानतळांवर दुय्यम रडार आले आणि प्रवासी विमानांत टक्कररोधक यंत्र सक्तीचे झाले. हे यंत्र जमिनीवरील केंद्रावर विसंबून न राहता इतर विमानांच्या ट्रान्सपाँडरशी स्वतः संपर्क साधते.