जड लोकरी किल्ट

जड लोकरी किल्ट : स्कॉटलंडच्या हायलंड्स या डोंगराळ भागातील पुरुषांचे, कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे, मागे निऱ्या शिवलेले आणि पुढे सपाट पदरांचे वस्त्र. किल्ट हलक्या कापडाचेही होते. पण परंपरेने ज्याला खरे किल्ट मानतात ते सुमारे १६ औंसी वर्स्टेड (लांब तंतू विंचरून घट्ट पिळलेल्या सुताच्या) लोकरीचे, आठ वार कापडाचे आणि हाताने शिवलेले असते. १६ औंस हे मोठ्या पन्ह्याच्या (सुमारे ५६ इंच) एक वार कापडाचे वजन. १० ते ११ औंसाचे कापड हलके, १३ औंसाचे मध्यम आणि १६ औंसाचे जड समजले जाते. लष्करी किल्टचे कापड याहूनही जड, १८ ते २२ औंसांपर्यंतचे असते.

हे वजन मिरवण्यासाठी नसते. निरी उभी राहते, तिची धार टिकते, चालताना मागचा घेर डुलून पुन्हा जागेवर येतो आणि वाऱ्यात वस्त्र उडत नाही, हे सारे कापडाच्या भारामुळे घडते. हलक्या किल्टच्या निऱ्या एका बैठकीत चुरगळतात. जड किल्ट रात्रभर टांगून ठेवले की बहुतेक सुरकुत्या आपोआप जातात. उकाड्याच्या देशात वा दमवणाऱ्या नृत्यासाठी हलके कापड निवडणे योग्यच. पण आयुष्यात एकच किल्ट घ्यायचे असेल, तर जड कापडाला पर्याय नाही.

इतिहास : सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलंडर लोक कित्येक वार लांबीचे एकसंध लोकरी कापड अंगाभोवती घेत. ते जमिनीवर पसरून, हाताने निऱ्या घालून, पट्ट्याने कमरेला आवळत आणि उरलेला भाग खांद्यावर टाकत. नऊवारीप्रमाणेच त्याच्या निऱ्या रोज नव्याने घालाव्या लागत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वरचा भाग वगळून फक्त कमरेखालचे लहान किल्ट रुळले. पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा जॅकोबाइट उठाव मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने हायलंड पोशाखावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे परदेशी हद्दपारी अशी शिक्षा होती. १७८२ मध्ये बंदी उठेपर्यंत किल्ट जिवंत राहिले ते मुख्यतः सैन्यात, कारण हायलंड पलटणींना या कायद्यातून सूट होती. बंदी उठल्यानंतर उभारलेल्या हायलंड पलटणींपैकी ७४ वी आणि ७८ वी १८०३ साली असईच्या लढाईत (आजचा जालना जिल्हा) मराठा फौजेसमोर उभ्या होत्या. त्या लढाईच्या सन्मानार्थ दोघींनाही हत्तीचे चिन्ह मिळाले.

१८२२ साली ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या स्वागतसोहळ्याने किल्टला राष्ट्रीय पोशाखाची प्रतिष्ठा दिली. कुळागणिक ठरलेले टार्टन (रंगीत चौकडीचे कापड) ही कल्पनाही याच सुमारास पक्की झाली. बॅनकबर्नच्या विल्सन घराण्याच्या विणकामशाळेचे १८१९ चे नमुनापुस्तक त्या घडामोडींचा मोठा पुरावा आहे. सुरुवातीची शिवलेली किल्टे सुमारे चार वार कापडाची, रुंद पेटीसारख्या निऱ्यांची असत. पुढे सैन्यात एकाच दिशेने दुमडलेल्या अरुंद निऱ्या आल्या, कापड वाढत गेले आणि आठ वारांची प्रथा पडली.

कापड : टार्टन म्हणजे ताण्याबाण्यात एकाच क्रमाने येणाऱ्या रंगीत पट्ट्यांची चौकडी. वीण दोन धागे वर, दोन खाली अशी तिरकी असते. किल्टच्या खालच्या कडेला दुमड नसते. कापडाचा विणलेला काठच तिथे येतो, त्यामुळे निऱ्या तळाशी जाड न होता धारदार पडतात. मोठ्या पन्ह्याचे चार वार कापड मधोमध उभे फाडून त्याच्या दोन पट्ट्या जोडतात आणि जोड निरीच्या पोटात लपवतात. असे आठ वार होतात. चार वारांचे वजन ६४ औंस, म्हणजे जवळपास १.८ किलो.

सेल्कर्क येथील लोककॅरनसारख्या गिरण्या शेकडो टार्टने विणतात. एकाच टार्टनच्या ‘मॉडर्न’ (गडद), ‘एन्शंट’ (वनस्पतिरंगांसारखी फिकी) आणि ‘वेदर्ड’ (उन्हापावसात विटल्यासारखी) अशा छटा असतात. गिरणी बदलली की छटाही बदलते. म्हणून पडद्यावरचे चित्र पाहून निवड करू नये. कापडाचा तुकडा मागवून तो दिवसाच्या उजेडात पाहावा. कुळाशी नाते नसले तरी त्याचे टार्टन वापरायला कायद्याची आडकाठी नाही. बॅल्मोरल टार्टन मात्र राजघराण्यासाठी राखीव मानतात. २००९ पासून नव्या-जुन्या नमुन्यांची सरकारी नोंदवही आहे. दुर्मीळ टार्टन खास विणून घ्यावे लागते आणि त्यात महिनोन् महिने जाऊ शकतात.

शिवण : कारागिराचा कस मागच्या बाजूला लागतो. निऱ्या ‘सेट’नुसार (टार्टनच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या नमुन्यानुसार) घातल्या तर चौकडी मागेही अखंड दिसते. ‘स्ट्राइप’नुसार घातल्या तर प्रत्येक निरीच्या मध्यावर तीच उभी रेघ येते आणि चालताना आतले रंग उघडतात. ही दुसरी पद्धत लष्करी. नितंबापासून कमरेपर्यंत प्रत्येक निरी निमुळती करत टाके घालायचे आणि तरीही आडव्या रेघा निरीमागून निरी एका ओळीत आणायच्या, हे काम घाईचे नाही. चांगल्या किल्टमध्ये त्या रेघा केसभरही सरकत नाहीत. आत कॅनव्हासचा आधार आणि निऱ्यांचा भार पेलणारी टाक्यांची ओळ असते. ती नसेल तर वजनाने शिवण ओढली जाते. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

मापे : पँटचा नंबर इथे उपयोगाचा नाही. पँट नितंबावर बसते, किल्ट बेंबीच्या आसपास, आणि त्याच्या वर सुमारे दोन इंच उंच जाते. कंबर, नितंबाचा सर्वांत रुंद भाग आणि लांबी ही तीन मापे दुसऱ्याकडून घ्यावीत. स्वतः वाकून घेतलेली लांबी चुकते. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून मध्यापर्यंत कुठेतरी यावी. कंबर नंतर बक्कल व पट्टे सरकवून थोडी वाढवता-घटवता येते. लांबीचे तसे नाही. खाली दुमड नसल्याने तिथे सोडायला कापड नसते आणि कापायला गेले तर काठ जातो. मागणी देताना सर्वाधिक काळजी लांबीची घ्यावी ती यासाठीच. हाती शिवलेल्या किल्टला काही शे पौंड मोजावे लागतात आणि कारागिराकडे रांग असेल तर बरेच आठवडे थांबावे लागते.

वापर व निगा : निऱ्या मागे आणि वरच्या पदराची झालर असलेली कड उजवीकडे राहते. किल्टपिन फक्त वरच्या पदराला टोचावी. दोन्ही पदर एकत्र टोचले तर कापड ताणून फाटते. बसताना मागच्या निऱ्या हाताने सपाट कराव्यात. नवे किल्ट निऱ्यांवर कच्च्या टाक्यांसह आले, तर वापरण्याआधी ते टाके उसवावेत. हेच टाके पुन्हा घालून, ओल्या कापडावरून इस्त्री केली की धार परत येते. पाण्यात धुऊ नये. डाग तेवढाच पुसावा, ड्रायक्लीनिंग क्वचित करावे. जड लोकरीचा खरा शत्रू कसर. घाम वा अन्नाचा डाग राहिलेल्या जागी ती आधी लागते, म्हणून कपाटात ठेवण्यापूर्वी किल्ट ब्रशने झाडून, हवेत टांगून, स्वच्छ करून ठेवावे.