इमेजिंग फॅसिलिटी (कॅन्सर संशोधनातली)

संस्थेतले महागडे लाइट मायक्रोस्कोप एका जागी ठेवून सगळ्या लॅबना स्लॉट लावून वापरायला देणारी व्यवस्था. चांगला कॉन्फोकल (एका वेळी एकाच थराचं स्पष्ट चित्र देणारा मायक्रोस्कोप) कोटींच्या घरात जातो, वर दरवर्षीचा मेन्टेनन्स, म्हणून जो तो आपापला घेत नाही. नवी मुंबईतलं उदाहरण म्हणजे खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, टाटा मेमोरियल सेंटरचाच भाग. परळला १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली आणि पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालेली संस्था साधारण २००२ च्या सुमारास इथे आली. इथल्या डिजिटल इमेजिंग फॅसिलिटीत कॉन्फोकल आहे.

कॉन्फोकल नक्की कोणाचा यावर मात्र एकमत नाही. बहुतेक ठिकाणी मार्विन मिन्स्कीचं नाव मिळतं, त्याने १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६१ मध्ये मिळालं. कल्पना अशी की प्रकाश एकाच बिंदूवर पाडायचा आणि डिटेक्टरसमोर बारीक छिद्र ठेवायचं, म्हणजे फोकसच्या वरखालचा प्रकाश तिथेच अडतो. पण त्यात लेझर नव्हता (पहिला लेझरच १९६०चा), आणि प्रकाश स्थिर ठेवून सॅम्पलच सरकवावं लागायचं. काही जण त्याच्याही मागे जपानच्या कोआना (१९४३) आणि नाओरा (१९५१) यांच्यापर्यंत जातात. चेकोस्लोव्हाकियातल्या प्लझेनमध्ये पेत्रान आणि हाद्राव्स्की यांनी साठच्या दशकात भोकं पाडलेली फिरती डिस्क वापरली. पेटंट मिन्स्कीचं हे खरंच, पण बायॉलॉजीवाल्यांच्या रोजच्या हाताला मशीन आलं ते ऐंशीच्या दशकात केंब्रिजच्या एमआरसी (मेडिकल रिसर्च कौन्सिल) लॅबमध्ये व्हाइट, एमॉस वगैरेंच्या लेझर स्कॅनिंगमुळे, जे पुढे बायो-रॅड कंपनीने विकलं, आणि फॅसिलिटीच्या दृष्टीने सुरुवात तिथूनच धरणं जास्त पटतं.

कॅन्सरच्या कामात या छिद्राचा फायदा म्हणजे ट्यूमरचा जाड सेक्शन थराथराने बघता येतो. रेडिएशननंतर डीएनए तुटलं की तिथे गॅमा-एचटूएएक्स (एका प्रोटीनचं बदललेलं रूप) जमा होतं, अँटीबॉडी लावली की न्यूक्लियसमध्ये ठिपके दिसतात, ते मोजून पेशी किती लवकर सावरते याचा अंदाज येतो. जिवंत पेशी बघायच्या तर स्टेजवर ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. अ‍ॅबेने १८७३ मध्ये दाखवलेली लाइट मायक्रोस्कोपची मर्यादा, म्हणजे साधारण २०० नॅनोमीटर (याहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत), कॉन्फोकललाही फारशी ओलांडता येत नाही, त्यापलीकडचं सुपर-रिझोल्यूशन (रसायनशास्त्राचं नोबेल, २०१४) वेगळं प्रकरण.

रोजचे नियम सगळीकडे सारखेच: आधी ट्रेनिंग, मग बुकिंग, ड्राय लेन्सला (तेलाशिवाय वापरायच्या) तेल लावायचं नाही. खाडीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, लेन्सवर बुरशी येते म्हणून एसी आणि डीह्युमिडिफायर सारखे चालू ठेवावे लागतात.