टॅकोमाचा पूल ‘रेझोनन्स’ने पडला नाही

फिजिक्सच्या वर्गात रेझोनन्स (वस्तूच्या स्वतःच्या तालाशी जुळणारे धक्के बसून तिचं हलणं वाढत जाणं) आला की दोन किस्से एका दमात सांगितले जातात: सैनिक पुलावर कदमताल सोडून चालतात, आणि अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल वाऱ्याच्या रेझोनन्सने कोसळला. पहिला ठीक. १८३१ मध्ये इंग्लंडात ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या एकसाथ पावलांनी खरंच पडला (एक बोल्टही कच्चा होता म्हणा). दुसरा मात्र चुकीचा.

रेझोनन्सला ठरावीक तालात धक्के लागतात. ७ नोव्हेंबर १९४० च्या सकाळी वारा ताशी सुमारे ६४ किलोमीटरने सलग वाहत होता. खरी गोम पुलात होती. कडेचे गर्डर जाळीदार नव्हते, २.४ मीटर उंचीचे भरीव पोलादी होते; वारा आरपार जायला जागाच नव्हती. रस्ता जेमतेम दोन लेनचा आणि मधला गाळा (दोन मनोऱ्यांमधला भाग) ८५३ मीटरचा. फीतच ती! पुलाच्या मध्यावर केबलला पकडून ठेवणारा पट्टा सरकला आणि फीत पिळवटायला लागली. प्रत्येक पिळासरशी वाऱ्याचा दाब बदलायचा, तोच पुढच्या पिळाला जोर द्यायचा. म्हणजे ताल पुलाचाच, वारा नुसता बळ पुरवत होता. इंजिनिअर याला फ्लटर म्हणतात.

माणूस एकही दगावला नाही. गाडीत अडकलेला टबी नावाचा कुत्रा तेवढा गेला.