बार्तालीने इटलीला यादवीतून वाचवलं का?

फ्लॉरेन्सजवळ पोन्ते आ एमा या इटालियन सायकलपटू जिनो बार्तालीच्या गावी सायकलप्रेमी आवर्जून जातात. तिथे त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं की, १९४८ साली टूर द फ्रान्स ही अनेक टप्प्यांची सायकल शर्यत जिंकून त्याने इटलीतलं यादवी युद्ध टाळलं. हे खरं नाही.

१४ जुलैला रोममध्ये कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्यात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देशभर संप पेटला, माणसं मेली. बार्ताली तेव्हा शर्यतीत आघाडीच्या सायकलपटूपेक्षा एकवीस मिनिटांनी मागे होता. १५ला त्याने आल्प्समधला कान–ब्रियाँसों टप्पा मारला, १६ला पुढचाही, आणि एकूण आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी मिळवली. वयाच्या चौतिसाव्या वर्षी! या पराक्रमापुढे मी आजही नतमस्तक आहे.

पण संप १६ जुलैलाच मागे घेतला गेला, कामगार संघटनेच्या निर्णयाने. पक्षाच्या नेतृत्वाला उठाव नको होता. खुद्द जखमी तोल्यात्तींनीही शांत राहायला सांगितलं होतं. बार्तालीने अंतिम विजय मिळवला तो २५ जुलैला. त्याच्या टप्प्यांच्या बातम्यांनी लोकांना आनंद दिला, तणावही थोडा सैलावला असेल. मात्र सगळं श्रेय त्याला दिलं, तर तेव्हा संयम राखणाऱ्यांवर अन्याय होतो.