वाफ न देणाऱ्या दोन विहिरींपासून : केनियाच्या अक्षय विजेमागचं संशोधन

आफ्रिकेतल्या अक्षय ऊर्जेच्या बातम्या बहुतेक वेळा रकमांच्या असतात. कुणी किती अब्ज डॉलर जाहीर केले, किती मेगावॉटचा करार झाला. सहाराच्या दक्षिणेला आजही सुमारे ६० कोटी माणसं विजेविना राहतात, तेव्हा पैशांची चर्चा व्हायलाच हवी. पण पैसा कुठे घालायचा हे ज्यांच्या मोजमापांवरून ठरतं, ती माणसं या बातम्यांत क्वचितच दिसतात. केनियाचा इतिहास पाहिला तर त्यांचं काम नजरेत भरतं. या देशात तयार होणाऱ्या विजेचा फार मोठा भाग आज अक्षय स्रोतांतून येतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, ४० टक्क्यांहून अधिक, जमिनीखालच्या उष्णतेचा आहे. ही मजल गाठायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला आणि सुरुवात अपयशाने झाली.

नैवाशा तलावाच्या दक्षिणेला ओल्कारिया नावाचा डोंगराळ टापू आहे. पूर्व आफ्रिकेची प्रचंड खचदरी इथून जाते. भूकवच ताणलं जाऊन पातळ झालेलं, त्यामुळे खालची उष्णता पृष्ठभागाच्या जवळ आलेली. ठिकठिकाणी जमिनीतून वाफ निघते. कोकणात तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथली गरम पाण्याची कुंडं आपण पाहिलेली असतात. तिथलं पाणी खोल भेगांतून फिरताना तापतं आणि वर येतं. ओल्कारियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे खाली तरुण ज्वालामुखीचा, अजून न निवालेला खडक आहे आणि भूजलाच्या साठ्याचं तापमान काही भागांत ३०० अंश सेल्सिअसच्या वर जातं.

हे ओळखून ब्रिटिश राजवटीच्या शेवटच्या काळात, १९५६ ते १९५९ दरम्यान, तिथे दोन विहिरी खोदल्या गेल्या. दोन्ही हजार मीटरपेक्षा उथळ होत्या. उष्णता भरपूर लागली, पण खडकात पाणी खेळायला पुरेशा भेगा नव्हत्या. टर्बाइन फिरवण्याजोगी वाफ काही मिळाली नाही आणि काम गुंडाळलं गेलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भूऔष्णिक विजेला उष्णता, पाणी आणि ते पाणी वाहू देणारा भेगाळ खडक, तिन्ही एकाच जागी लागतात. वरून उष्णतेची खूण दिसते, भेगांची सहसा दिसत नाही.

१९७० मध्ये स्वतंत्र केनियाच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने पुन्हा सुरुवात केली, ती मात्र ड्रिलपासून नव्हे. आधी बोगोरिया तलावापासून ओल्कारियापर्यंतच्या पट्ट्याचं सर्वेक्षण झालं. वाफेच्या झोतांतले वायू गोळा करून त्यांचं रासायनिक पृथक्करण केलं गेलं, कारण त्या वायूंच्या प्रमाणावरून खालच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. जमिनीत वीजप्रवाह सोडून खडकाचा रोध मोजला गेला, गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक नोंदवले गेले. १९७३ मध्ये खोदकाम सुरू झालं. या फेरीतली पहिली विहीरही निराशाजनक निघाली, पण दुसरीने चांगली वाफ दिली. १९७६ पर्यंत सहा विहिरी झाल्या आणि वीजकेंद्र उभारणं परवडेल असा अहवाल तयार झाला. मधल्या काळात तेलाचे भाव भडकले होते. आयात तेलावर चालणाऱ्या देशाला या अहवालाचं मोल वेगळं सांगावं लागलं नाही.

ड्रिलच्या मचाणावर भूवैज्ञानिक नेमकं काय करतो, हे फारसं लिहिलं जात नाही. विहीर खोल जाते तसा खडकाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो. दर दोन मीटरला त्याचा नमुना घ्यायचा, धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्या चुऱ्यात पिस्त्याच्या रंगाचे एपिडोटचे स्फटिक दिसू लागले की भूवैज्ञानिकाला धीर येतो, कारण हे खनिज साधारण २४० अंशांच्या वरच तयार होतं. पण त्यातही फसगत आहे. एपिडोट सांगतं की इथे कधी काळी एवढी उष्णता होती. ती आजही आहे का, हे विहिरीत तापमापक सोडल्यावरच कळतं. खनिजं गरम म्हणतात आणि तापमापक थंड म्हणतो, तेव्हा तो भाग निवत चालला आहे असं समजायचं आणि पुढची विहीर दुसरीकडे घ्यायची. एका विहिरीला अनेक दशलक्ष डॉलर लागतात. त्यामुळे या चुऱ्याच्या वहीत नीट झालेली एकेक नोंद देशाचे पैसे वाचवते.

ओल्कारियातला १५ मेगावॉटचा पहिला संच १९८१ मध्ये सुरू झाला, दुसरा १९८२ मध्ये, तिसरा १९८५ मध्ये. एकूण ४५ मेगावॉट. आफ्रिकेतलं हे पहिलं मोठं भूऔष्णिक केंद्र. त्यानंतर वेग मंदावला. नव्वदच्या दशकात परदेशी मदत आटली आणि केनियाचा भार ताना नदीवरच्या धरणांवर राहिला. मग २००० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला, धरणं खाली गेली आणि देशभर विजेची कपात करावी लागली. पावसावर अवलंबून नसलेली वीज म्हणजे काय, हे त्या वर्षी धोरणकर्त्यांना पटलं. ७० मेगावॉटचं ओल्कारिया-२ केंद्र २००३ मध्ये आलं. २०१४ पासून मोठे संच लागले आणि २०१९ मध्ये ओल्कारिया-५ सुरू झालं.

मधली ती मंद वर्षं वाया गेली नाहीत, आणि माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. आइसलँडमध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाचा भूऔष्णिक प्रशिक्षण कार्यक्रम १९७९ पासून सुरू होता. सहा महिने रेक्याविकला राहून भूविज्ञान, भूभौतिकी, रसायनशास्त्र, विहीरखोदाई यांपैकी एक विषय हाताळून शिकायचा आणि शेवटी स्वतःचा शोधप्रकल्प लिहायचा. या कार्यक्रमात सर्वाधिक प्रशिक्षणार्थी केनियातून गेले. त्यांतले बरेच जण ओल्कारियाच्याच नोंदी घेऊन गेले आणि त्यांचं नवं विश्लेषण घेऊन परतले. २००५ पासून नैवाशाजवळच अभ्यासवर्ग भरू लागले आणि शेजारी देशांचे वैज्ञानिक तिथे शिकायला येऊ लागले. केनजेन या सरकारी वीजनिर्मिती कंपनीची खोदाई पथकं पुढे इथिओपिया आणि जिबुतीत कंत्राटं घेऊन गेली. ज्या देशात पहिल्या विहिरी परक्यांनी खोदल्या, तिथलेच लोक आता शेजाऱ्यांच्या विहिरी खोदतात. यंत्रं कर्जाने आणता येतात. अशी माणसं तयार व्हायला मात्र एक पिढी जावी लागते.

२००८ मध्ये केनियाने आणखी एक शहाणपणाचं पाऊल उचललं. सर्वेक्षण आणि सुरुवातीच्या विहिरींचा धोका सरकारने उचलावा, वाफ सापडली की खासगी कंपन्यांनी वीजकेंद्र बांधावं, अशा विभागणीसाठी भूऔष्णिक विकास कंपनी ही वेगळी सरकारी कंपनी स्थापन झाली. नाकुरूजवळच्या मेनेंगाई ज्वालामुखीत तिने याच पद्धतीने काम केलं. पहिली विहीर कोरडी निघण्याची भीती असताना खासगी भांडवल पुढे येत नाही. ती जबाबदारी सार्वजनिक पैशाचीच आहे.

याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. ओल्कारिया-४ साठी २०१४ मध्ये चार मसाई वस्त्या हलवल्या गेल्या. नवी घरं मिळाली, पण जमिनीची प्रत, चराई, रस्ते, जमिनीची कागदपत्रं यांवरून तक्रारी उठल्या, जागतिक बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या आणि अखेर मध्यस्थीतून समझोता करावा लागला. जमिनीखालच्या खडकाची इतकी बारकाईने नोंद घेणाऱ्या प्रकल्पाने जमिनीवरच्या माणसांचीही तितकीच बारकाईने घ्यायला हवी होती.

वीजतारांच्या जाळ्यातून येणाऱ्या विजेची ही कथा. जिथे जाळं पोचलंच नाही तिथे दुसरी कथा घडत होती, ती सूर्याची.

आफ्रिकेत सौरसंशोधनाची परंपरा जुनी आहे. नायजरचे भौतिकशास्त्रज्ञ अब्दू मुमुनी यांनी साठच्या दशकातच आफ्रिकी देशांसाठी सौरऊर्जेचा पुरस्कार केला आणि नियामे इथल्या सौरऊर्जा संस्थेचं नेतृत्व केलं. सूर्यावर चालणारे पाणीतापक तिथे स्थानिक पातळीवर बनत. आज तिथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळानंतर मालीत फादर बर्नार व्हेर्स्पीरेन यांनी गावविहिरींवर सौरपंप बसवण्याचं काम हाती घेतलं.

केनियात सौरपॅनल घराघरात गेले ते मात्र बाजारातून. १९८४-८५ च्या सुमारास माउंट केनियाच्या परिसरातल्या करामुगी या लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळेत हॅरॉल्ड बरिस आणि मार्क हँकिन्स या दोघा अमेरिकनांनी दिवे बसवले आणि स्थानिक तंत्रज्ञ तयार केले. तोवर गावातली सुखवस्तू माणसं मोटारीची बॅटरी सायकलवर लादून शहरात चार्ज करायला नेत, तिच्यावर रेडिओ आणि कृष्णधवल टीव्ही चालवत. छपरावर पॅनल बसवला की हा हेलपाटा वाचतो, हे शिक्षकांनी आणि कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी चटकन हेरलं. नव्वदच्या दशकात दहा-बारा वॉटचे स्वस्त, अस्फटिक सिलिकॉनचे (स्फटिकांऐवजी सिलिकॉनचा पातळ थर दिलेले) पॅनल आले. २००० च्या सुमारास एक लाखाहून अधिक घरांवर पॅनल होते, तेही बहुतांशी सरकारी अनुदानाविना.

तक्रारीही वाढल्या. अस्फटिक सिलिकॉनची क्षमता उन्हात पहिल्या काही महिन्यांतच घटते आणि मग स्थिरावते. त्यामुळे नव्या पॅनलवर मोजलेला आकडा ग्राहकाच्या कामाचा नसतो. दुकानात पॅनलवर लिहिलेल्या वॉटवर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. १९९९ मध्ये रिचर्ड ड्यूक, आर्ने जेकबसन आणि डॅनियल कॅमेन या अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी केनियाच्या बाजारातले पॅनल उन्हात मुरू देऊन मोजले. काही उत्पादकांचे पॅनल लिहिल्याबरहुकूम चालत होते, काहींचे लिहिल्यापेक्षा पुष्कळच कमी. निष्कर्ष विक्रेत्यांपर्यंत आणि उत्पादकांपर्यंत पोचले आणि मालात सुधारणा झाली. पण काही वर्षांनी पुन्हा चाचणी केली तेव्हा नव्या नावांचा निकृष्ट माल बाजारात आलेला होता. एकदा मोजून भागत नाही, मोजणारी कायमची व्यवस्था लागते, हे तिथे सिद्ध झालं.

ती व्यवस्था पुढे आली. जागतिक बँक समूहाने २००७ मध्ये ‘लायटिंग आफ्रिका’ हा कार्यक्रम सुरू केला आणि रॉकेलच्या दिव्यांच्या जागी येणाऱ्या सौर एलईडी दिव्यांसाठी चाचणीपद्धती ठरवल्या. दिवा खरंच किती उजेड देतो, एका दिवसाच्या उन्हावर किती तास चालतो, बॅटरी किती टिकते, वेष्टनावरचे दावे खरे आहेत का. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेल्या मालालाच कार्यक्रमाचं पाठबळ मिळे. केनियात २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सोय रुजली होती. २०१२ नंतर कंपन्यांनी तिच्या आधारे रोजच्या हप्त्यावर सौरसंच द्यायला सुरुवात केली. हप्त्याने विकत घेतलेला दिवा हप्ते फिटेपर्यंत टिकायलाच हवा, आणि टिकेल की नाही हे सांगणारी चाचणी तोवर तयार होती.

जेकबसन यांनी आणखी एक गैरसोयीची गोष्ट नोंदवली. नव्वदच्या दशकातले ते संच प्रामुख्याने ग्रामीण मध्यमवर्गाकडे गेले आणि त्यांवरची वीज मुलांच्या अभ्यासापेक्षा टीव्ही आणि रेडिओकडे जास्त वळली. अशा नोंदी देणगीदारांना आवडत नाहीत. म्हणूनच त्या घेणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो.

दारापर्यंत आलेली तार घरात का शिरत नाही, या प्रश्नालाही संशोधकांनी हात घातला. केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरीन वुल्फ्राम यांनी पश्चिम केनियातल्या १५० वस्त्यांचा अभ्यास केला. वीज नसलेल्या घरांपैकी निम्मी घरं कमी दाबाच्या तारेपासून २०० मीटरच्या आत होती. अडसर जोडणीच्या ३५,००० शिलिंगांचा होता. वेगवेगळ्या वस्त्यांना वेगवेगळा दर देऊन पाहिला तेव्हा मोफत जोडणी जवळपास सगळ्यांनी घेतली, १५,००० शिलिंगांना साधारण चारांतल्या एका घराने, आणि पूर्ण दराला जवळजवळ कुणीच नाही. केनिया सरकारने २०१५ मध्ये ट्रान्सफॉर्मरपासून ६०० मीटरच्या आतल्या घरांसाठी मोठी जोडणी योजना काढली आणि दर १५,००० वर आणून ती रक्कम हप्त्यांत भरायची मुभा दिली.

आज केनियातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांकडे कुठल्या ना कुठल्या प्रकारची वीज आहे. उरलेल्यांतले पुष्कळ जण उत्तरेच्या आणि ईशान्येच्या विरळ, कोरड्या जिल्ह्यांत राहतात. त्यांच्यासाठी २०१७ मध्ये जागतिक बँकेच्या पैशातून १४ जिल्ह्यांचा वेगळा सौरप्रकल्प मंजूर झाला. त्यात गावपातळीवरची छोटी सौरजाळी आहेत, घरगुती संच आहेत आणि पाण्याचे सौरपंपही.